ह्यातलं काय वाचायचं नाही?

दहिवडीच्या त्या हॉलमध्ये पंखे भरपूर होते, वीज नव्हती. लॅपटॉपच्या बॅटऱ्या एकेक करून मान टाकत होत्या, बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर सुरू होऊन पुन्हा बंद पडत होता, आणि माण तालुक्यातल्या निरनिराळ्या गावांच्या पाणलोट समित्यांमधून आलेली मंडळी मी वाटलेल्या झेरॉक्सनी वारा घेत बसली होती. वेळ वाया जाऊ नये म्हणून मी म्हटलं, तोवर पान चार वाचून ठेवा, म्हणजे वीज आल्यावर हात चालवायला सोपं जाईल. तिसऱ्या रांगेतल्या एका काकांनी पान चार काढलं. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. गावात मोजणी आली की साखळीचं दुसरं टोक धरायला हेच पुढे, अशी त्यांची ओळख सकाळी कुणीतरी करून दिली होती. त्यांनी पान चार पाहिलं, पाच पाहिलं, सहा पाहिलं, कारण चारवर सुरू झालेला विषय सहावर जाऊन संपत होता. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मॅडम, ह्यातलं काय वाचायचं न्हाई तेवढं सांगा. बाकीचं वाचतो आमी."

हॉल हसला, मीही हसले. तेवढ्यात पंखे फिरायला लागले आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. पण परतीच्या एसटीत, फलटण मागे पडलं तरी तो प्रश्न काही मागे पडेना. त्यात टोमणा असता तर सोपं होतं. टोमणा विसरता येतो. या माणसाने सरळ मनाने विचारलं होतं की लिहिलंय तुम्ही, तेव्हा कुठलं आज लागणार नाही हेही तुम्हालाच ठाऊक असणार. आणि ते मला ठाऊक होतं, हीच तर पंचाईत होती.

पानावर होतं काय ते सांगते. आम्ही तिघं-चौघं नोकऱ्या सांभाळून क्यूजीआयएसची मराठी पुस्तिका लिहितो. क्यूजीआयएस हा नकाशांवर काम करायचा मुक्त प्रोग्रॅम. ज्याने कधी माऊसचं उजवं बटण दाबलेलं नाही अशा माणसानेही स्वतःच्या गावच्या विहिरी, बंधारे, नाले त्यात भरावेत यासाठी ही पुस्तिका. पान चारचा विषय एवढाच की मोबाइलने टिपलेल्या विहिरींभोवती पाचशे मीटरचं वर्तुळ कसं काढायचं. यात एक जुनी मेख आहे. मोबाइल जागा टिपतो ती अक्षांश-रेखांशांत, म्हणजे अंशांत. बफर, म्हणजे असं वर्तुळ, काढायच्या चौकटीत नवशिक्या 500 लिहितो, प्रोग्रॅम त्याचे पाचशे अंश धरतो. शेजारी 'डिग्रीज' असं लिहिलेलं असतं, इशाऱ्याचं छोटं चिन्हही असतं, पण ते दिसतं फक्त आधी पोळलेल्याला. एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. पडद्यावर एक भलामोठा गोल उमटतो आणि सबंध जगाचा नकाशा त्या गोलाच्या पोटात कुठेतरी बसलेला असतो. ते टाळायचं तर आधी लेयर, म्हणजे विहिरींच्या नोंदींचा थर, मीटरवाल्या पद्धतीत सेव्ह करायचा: लेयरवर उजवी टिचकी, एक्सपोर्ट, सेव्ह फीचर्स अॅज, सीआरएस, म्हणजे जागा मोजायची पद्धत, विचारलं की तिथे 32643 हा क्रमांक, ओके. मग बफर. इतकं साधं काम, आणि पहिल्यांदा लिहिलं तेव्हा ते मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावत होतं.

मग रिव्ह्यू सुरू झाले. पहिली टीप आली ती विदर्भातून आणि अगदी रास्त होती. यूटीएम ही पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत; 32643 म्हणजे तिचा त्रेचाळिसावा पट्टा, 72 ते 78 पूर्व रेखांश. महाराष्ट्र काही 78 वर संपत नाही. अमरावती शहर त्रेचाळीसमध्ये येतं, यवतमाळ चव्वेचाळीसमध्ये. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली सगळे पलीकडे. तेव्हा 'तुमचा जिल्हा कुठे आहे ते पाहा' असा परिच्छेद आला, त्यामागून पट्टे दाखवणारा नकाशा आला. दुसरी टीप अशी की क्षेत्रफळ मोजायचं असेल तर एवढा खटाटोप करायचं कारणच नाही, डॉलरचं चिन्ह लावलेलं 'एरिया' फंक्शन पृथ्वीचा गोलावा धरूनच हिशेब करतं. तेही खरं. तिसऱ्याने लिहिलं, शेपफाइल, म्हणजे नकाशाची माहिती साठवायचा जुना प्रकार, ही एक फाइल नसते, एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे असा कबिलाच असतो. लोक व्हॉट्सअॅपवर नुसती एसएचपी पाठवतात आणि समोरच्याला काही उघडत नाही. हे तर मी स्वतः इतक्यांदा पाहिलंय की नाही म्हणायची सोयच नव्हती. चौथ्याने विचारलं, मुळात शेपफाइल हवीच कशाला, सगळं एकाच फाइलमध्ये ठेवणारं जिओपॅकेज शिकवा ना. पाचव्याला प्रोजेक्टचा सीआरएस आणि लेयरचा सीआरएस यांतला फरक सांगितल्याशिवाय पुढे जाणं धोक्याचं वाटत होतं.

एकही टीप खोटी नव्हती.

आणि म्हणूनच नाही म्हणणं जड जात होतं. चुकीचं वाक्य कापायला कुणाचीच ना नसते. खरं वाक्य कापायला मात्र धीर लागतो, कारण कापणाऱ्याकडे कारण मागितलं जातं आणि 'इथे नको' याहून दुसरं कारण त्याच्यापाशी नसतं. यात आणखी एक गोम आहे. मुक्त प्रकल्पात भर घालणाऱ्याचं नाव लागतं. कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलांच्या, यादीत हिरव्या रंगाच्या ओळी दिसतात, आपल्या नावापुढे आकडा वाढतो, कुणीतरी आभार मानतं. काढणाऱ्याच्या ओळी लाल. ज्याच्या ओळी गेल्या तो समजूतदार असला तरी माणूसच असतो. त्याने रात्री जागून पट्ट्यांचा नकाशा काढलेला असतो. मूळ क्यूजीआयएसमध्ये तर याची यंत्रणाच आहे. एखादी नवी सुविधा मूळ प्रोग्रॅममध्ये गेली आणि तिच्यावर 'डॉक्स हवेत' अशी खूण असली की डॉक्युमेंटेशनच्या, म्हणजे वापराच्या माहितीच्या, भांडारात आपोआप एक इश्यू, म्हणजे कामाची नोंद, उघडतो: याबद्दल लिहा. दर चार महिन्यांनी नवी आवृत्ती येते, तेव्हा अशा इश्यूंना तोटा नसतो. यंत्रणा चांगलीच आहे, तिच्याविना कितीतरी गोष्टी लिहायच्या राहून जातील. पण 'हे पान आता जड झालंय' असा इश्यू आपोआप उघडणारं यंत्र माझ्या तरी पाहण्यात नाही. पान जड झाल्याचं ते वाचू न शकलेल्या माणसालाच कळतं, आणि गिटहबवर, जिथे हे इश्यू उघडतात, त्याचं खातं नसतं.

विदर्भाच्या टिपेवर मी एकदा चिडून हिशेब करायला बसले होते. समजा, गडचिरोलीतल्या कुणी आमचं जुनं एक-स्क्रीनवालं पान वाचलं आणि बिनधास्त 32643 टाकून साध्या सपाट पद्धतीने शेताचं क्षेत्र काढलं. बिघडेल किती? यूटीएमचा पट्टा मधल्या रेषेपासून जितकं दूर जावं तितका ताणतो. त्रेचाळीसची मधली रेषा 75 अंशांवर, गडचिरोली साधारण 80 वर. लांबीत हजारी तीनची वाढ, क्षेत्रफळात हजारी सहाच्या आसपास. मनात म्हटलं, बघा, इतक्याशा फरकासाठी एवढा मोठा परिच्छेद! पाचशे अंशांचा गोल कुठे आणि हजारी सहा कुठे! मग तेच हेक्टरात मांडलं. एका हेक्टरमागे साठ चौरस मीटर. गुंठा म्हणजे साधारण 101 चौरस मीटर, तेव्हा हे झालं अर्ध्या गुंठ्याहून जास्त. आता अर्ध्या गुंठ्याचं म्हणाल तर आपल्याकडे सख्खे भाऊ त्यासाठी एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत आणि बांधाच्या दाव्यांच्या तारखा बापाकडून मुलाकडे येतात. माझी चीड तिथेच बसली. म्हणजे टीप हवीच? पण काकांना तर वर्तुळ काढायचं होतं, विहिरीभोवती, पाचशे मीटरचं. त्यात हजारी तीनने दीड मीटर इकडचं तिकडे होणार, आणि तेही दहिवडीला नाहीच, कारण दहिवडी मधल्या रेषेला अगदी लागून आहे. टीप खरी, महत्त्वाची, आणि समोर बसलेल्या माणसाच्या काडीच्या उपयोगाची नाही. हे तिन्ही एकाच वेळी खरं असतं हे मान्य करायला मला बराच वेळ लागला, आणि मान्य केलं तरी त्याचं करायचं काय ते त्यातून कळत नाही.

नवशिक्यांसाठीचं लिखाण म्हणजे सोपी भाषा, असं मी पूर्वी धरून चालले होते. लहान वाक्यं, ओळखीचे शब्द, चित्रं. भाषेचा भाग त्यात असतोच, पण त्यामानाने तो सुखाचा. घाम फुटतो तो अर्धवट सांगायची जबाबदारी घेताना. 'इथे 32643 लिहा' हे वाक्य मी लिहिते तेव्हा मला माहीत असतं की याला अपवाद आहेत, यामागे एक शास्त्र आहे, आणि वाचणारा ते न कळताच पुढे जाणार आहे. ज्याला विषय येतो त्याला असं वाक्य उघडंवाघडं वाटतं. त्याला ते झाकावंसं वाटतं, बहुतेकदा वाचकासाठी आणि थोडंसं स्वतःसाठीही. उद्या जाणकाराने वाचलं तर त्याने असं म्हणू नये की या बाईंना चव्वेचाळिसावा पट्टा माहीत नाही. माझ्या पानांतल्या कितीतरी टिपा मी नवशिक्याला सांगितलेल्याच नाहीत. त्या मी त्याच्या डोक्यावरून, मागे उभ्या असलेल्या जाणकाराला सांगितल्या आहेत.

यावर एक वस्तुपाठ क्यूजीआयएसच्याच घरात आहे. 2009 साली, म्हणजे ज्या वर्षाच्या जानेवारीत या प्रोग्रॅमची 1.0 आवृत्ती आली त्याच वर्षी, टिम सटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातल्या विद्यार्थ्यांसाठी जीआयएसची, म्हणजे संगणकावर नकाशा आणि माहिती यांची सांगड घालण्याची, ओळख करून देणारी प्रकरणं लिहिली. पैसे तिथल्या जमिनीच्या सरकारी खात्याने दिले. आज ती प्रकरणं अधिकृत डॉक्युमेंटेशनचा भाग आहेत, 'अ जेंटल इंट्रोडक्शन टू जीआयएस' या नावाने. मी ती पहिल्यांदा उघडली तेव्हा मेनू, बटणं, इन्स्टॉल कसं करायचं यांची वाट पाहत होते. तिथे आधी येतो एक आरोग्यसेवक. रोज येणाऱ्या रुग्णांची नोंद ठेवणारा: रेखांश, अक्षांश, आजार, तारीख. छोटंसं कोष्टक. त्यात गालगुंडाचे रुग्ण बरेच दिसतात. ते राहतात कुठे ते नकाशावर मांडलं की दिसतं, एकमेकांच्या जवळजवळ. झालं, जीआयएस म्हणजे काय ते सांगून झालं, अजून प्रोग्रॅमचा पत्ताही नाही. आणि त्याहून मला थक्क केलं ते प्रकरणाच्या शेवटच्या सूचनेने: तुमच्याकडे संगणक नसेल तर यातली बरीचशी उदाहरणं ओव्हरहेड प्रोजेक्टर आणि पारदर्शक शीट घेऊन करता येतील, कारण तत्त्व तेच, थरावर थर. सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये 'संगणक नसेल तर' हे वाक्य! लिहिणाऱ्याने समोर कोण बसलंय ते बघून लिहिलं होतं, आणि मागे कोण उभं आहे याची फिकीर केलेली दिसत नव्हती.

ते वाचून मला आमच्या कॉलेजच्या भूगोल विभागातलं टेबल आठवलं. काचेचा पृष्ठभाग, खाली दोन ट्यूबलाइट, त्यातली एक कायम फुरफुरणारी. वर भारतीय सर्वेक्षणाची टोपोशीट, तिच्यावर ट्रेसिंग पेपर, कडांना सेलोटेप. निळ्या शाईने ओढे, तपकिरी शाईने समोच्च रेषा. मे महिन्यात काच खालून तापायची आणि घामाने तळहात कागदाला चिकटायचा; एकदा चिकटला की ओली शाई पुसली जाऊन आख्खा ओढा दुसऱ्याच गावात वळायचा. आमचे सर मागून फेऱ्या मारत. प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवणं, या विषयावर त्यांचा मोठा अधिकार, तासन् तास बोलू शकले असते. पण पहिलं वर्षभर त्यांनी तो शब्द वर्गात उच्चारल्याचं मला आठवत नाही. कुणी विचारलंच की शीटच्या कडा एकमेकींना नीट का जुळत नाहीत, तर म्हणायचे, "पृथ्वी वाटोळी आहे, पुढच्या वर्षी बोलू." वर्गातल्या हुशार मुलांना हे अजिबात आवडायचं नाही, मलाही नाही. आता वाटतं, त्या 'पुढच्या वर्षी'ला केवढा आत्मविश्वास लागत असेल. अर्थात त्यांच्या हातात पुढचं वर्ष होतं. आम्ही त्यांच्याकडेच परत येणार होतो. माझ्या पानाचा वाचक एकदा टॅब बंद करून गेला की गेला.

पवईला आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प उभा राहिला. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ. पडद्यावर इंग्रजीच मेनू, कानात मराठी, तमिळ, बंगाली. शिकणाऱ्याने एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला प्रोग्रॅम उघडून ठेवायचा आणि बरोबरीने करत जायचं. पडदा इंग्रजी ठेवण्यामागचा विचार मला पटतो, कारण उद्या कामाच्या ठिकाणी भेटणारा मेनू इंग्रजीच असतो. पण मला भावला तो त्यांच्या कामातला एक टप्पा. संहिता लिहून झाली, जाणकाराने तपासली की रेकॉर्डिंग करण्याआधी ती एका नवख्याला देतात. विषय न येणारा माणूस ती वाचत वाचत करून बघतो. अडला तर संहिता परत. म्हणजे तिथे न येणं ही एक रीतसर जागा आहे, तिचं काम ठरलेलं आहे. आम्हीही मग नवखे शोधायला लागलो. भाचा, शेजारच्या काकू, ऑफिसमधली हिशेबाची मुलगी. तेव्हा लक्षात आलं की नवखा हा फार नाशवंत माल आहे. पहिल्या वाचनात तो सोन्यासारखा असतो, नेमका कुठे थबकतो ते चेहऱ्यावर दिसतं. दुसऱ्या वाचनाला तोच माणूस ज्या जागी अडला होता तिथून नकळत उडी मारून जातो आणि म्हणतो, आता छान झालंय. छान झालेलं काहीच नसतं, त्याला यायला लागलेलं असतं.

दहिवडीच्या काकांचंही तेच झालं, आणि तेही एका रात्रीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा ते आधीच येऊन बसले होते. शेजारी त्यांच्याच गावचा एक तरुण, त्याच्या लॅपटॉपवर काहीतरी उघडत नव्हतं. काका त्याला सांगत होते, "आरं, ती येकटी फाइल आणून काय करतोस, तिच्या बरोबरच्या समद्या एका फोल्डरात टाक आधी." मी ऐकत उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं आणि तक्रारीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, ही फायलींची गोष्ट तुमी पार तळाला बारीक अक्षरात लिव्हलीय. ती वर पायजे, ठळक. मान्सं फसत्यात." आदल्या दुपारी काय वाचायचं नाही ते विचारणारा हाच माणूस! त्याचीही एक टीप तयार झाली होती, खरी, स्वतः ठेच खाऊन मिळवलेली, आणि ती पानावर वर यावी असं त्याला मनापासून वाटत होतं. मला हसू आलं आणि त्याच वेळी जरा वाईटही वाटलं. कालचा वाचक मी गमावला होता. त्याच्या जागी आज एक रिव्ह्यूअर बसला होता, आणि त्याचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं.

या सगळ्यावर तयार उत्तर आहे, ते मला ठाऊक आहे. डॅनिएले प्रोचिदा यांनी डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार मांडले आहेत: हात धरून शिकवणारं, ठरावीक काम करून देणारं, संदर्भासाठीचं आणि समजावून सांगणारं. चारांची सरमिसळ करू नका, म्हणजे पानं आपोआप हलकी होतील. मांडणी चोख आहे आणि आम्ही ती वापरतोही. पट्ट्यांचा परिच्छेद 'समजून घ्या' या भागात गेला, पान चारवर फक्त दुवा राहिला. पण आमचा वाचक पुस्तिका छापून घेतो. तालुक्याच्या ठिकाणी नेट असतं-नसतं, मोबाइलवर एवढं वाचवत नाही, झेरॉक्स स्वस्त. त्या झेरॉक्सवर 'अधिक माहितीसाठी इथे पाहा' ही ओळ अधोरेखित होऊन छापली जाते, आणि कागदावर 'इथे' म्हणजे कुठे, हे विचारायलाही सोय नसते. पडद्यावर ज्या चार खोल्या वेगळ्या असतात त्या स्टेपल मारली की एकाच गठ्ठ्यात येतात. मग पुन्हा तोच प्रश्न, कुठली पानं द्यायची आणि कुठली घरी ठेवायची.

आणि मी तरी कुठे सोवळी आहे! एका टिपेसाठी मी सगळ्यांशी भांडले. शेपफाइलच्या कोष्टकात रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात. इंग्रजीत ती दहा अक्षरं झाली, कशीबशी चालतात. देवनागरीत यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, आणि काना, वेलांटी हीसुद्धा वेगळी चिन्हं. 'गाव' म्हणजे ग, काना, व. नऊ बाइट, मावतं. 'विहीर' म्हणजे व, वेलांटी, ह, वेलांटी, र. पंधरा बाइट, मावत नाही. विहिरींची नोंद करायला आलेल्या माणसाने मराठीत रकाना केला की त्याला विहीरच तुटलेली दिसणार! ही मेख इंग्रजी मार्गदर्शिका लिहिणाऱ्याला सुचण्याचं कारणच नाही, आणि मराठी नवशिक्या तर पहिल्याच तासाला हिच्यावर आपटतो. इतरांचं म्हणणं पडलं की जिओपॅकेज वापरायला सांगितलं की हा प्रश्न उद्भवतच नाही, मग नवशिक्याला बाइटांच्या हिशेबात कशाला ओढता? बरोबर आहे त्यांचं. पण तहसीलमधून, जुन्या प्रकल्पांतून, कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून लोकांकडे येतात त्या शेपफाइलीच. शेवटी टीप राहिली. दोन वाक्यं. ती माझी आहे म्हणून राहिली की लागते म्हणून राहिली, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही.

सध्या पान चार पुन्हा लिहायला घेतलंय. या वेळी मी एक वेगळंच करून बघते आहे. आधी मुद्दाम चुकू द्यायचं. पहिल्याच ओळीत सांगायचं, विहिरींचा लेयर घ्या आणि 500 चा बफर काढा. तो राक्षसी गोल पडद्यावर आला की मग पुढची ओळ: घाबरू नका, हा पाचशे अंशांचा आहे, आता मीटर आणू. आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरल आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात वर्ड प्रोसेसर शिकणाऱ्या ऑफिसातल्या लोकांचं निरीक्षण केलं होतं. लोक पुस्तिका क्रमाने वाचत नव्हते, मध्येच उड्या मारून काहीतरी करून बघत होते, फसत होते, आणि फसल्यावर बाहेर कसं यायचं ते पुस्तिकेत नसायचं. त्यांनी पुस्तिका चांगलीच कापली आणि फसल्यावरची वाट तिच्यात घातली. मला त्यातला कापण्याचा भाग आधीच आवडला होता, फसल्यावरची वाट आता पटायला लागली आहे. कारण तो गोल एकदा डोळ्यांनी पाहिला की 'अंश' आणि 'मीटर' यांच्यावर परिच्छेद लिहावाच लागत नाही. काही टिपा अशा गळून पडतात, कुणाचं मन न मोडता.

माझी ही पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, अजून उघडीच आहे. एकाचा आक्षेप असा की नवशिक्याच्या पुस्तिकेतलं पहिलं चित्र चुकीच्या निकालाचं असू नये. जो अर्ध्यावर सोडेल त्याच्या डोक्यात तेच राहील. दुसऱ्याला कल्पना पसंत आहे, पण गोलाच्या चित्राखाली 'हे चुकीचं आहे' अशी टीप हवी. ती मी घातली आहे. विदर्भातल्या मित्राने काहीच लिहिलेलं नाही, फक्त विचारलंय की पुढच्या महिन्यात ब्रह्मपुरीला प्रशिक्षण आहे, तिथे हेच पान छापायचं का. ब्रह्मपुरी चव्वेचाळीसमध्ये. तिथल्यासाठी 32644 लिहिलेली वेगळी प्रत काढावी असं मी सुचवलं, पट्ट्यांची भानगडच नको. तो म्हणतो, दोन प्रती झाल्या की सहा महिन्यांत त्यांच्यात तिसऱ्याच कशावरून तरी फरक पडेल आणि कुठली खरी ते आपल्यालाच कळणार नाही. एक आकडा रिकामा ठेवून छापावा आणि प्रशिक्षकाने फळ्यावर लिहून तो भरून घ्यावा, असं आता चाललंय. प्रशिक्षक नसेल तेव्हा काय, यावर शनिवारी बोलायचं ठरलं आहे.